डाग, तेजाब आणि हात



आपल्या शाळेच्या दिवंगत मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण मला मिळाले, तेव्हा कार्यवाहांनी साहजिकच विषय विचारला. मी म्हणालो, "संडासाच्या भांड्यावरील डाग आणि ते काढणारे तेजाब." दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला क्षणभर शांतता पसरली. मग अत्यंत सौजन्याने ते म्हणाले, "सर, इतिहासावर बोलायचे ठरले होते ना?" मी उत्तर दिले, हा इतिहासच आहे आणि त्यातला बराचसा आपल्या बडोद्याचा आहे. त्यांनी पुढे काही विचारले नाही, हा त्यांचा मोठेपणा.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या हाताखाली मी अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकविले. शनिवारी शाळा सुटल्यावर ते फेरी मारीत. ती वर्गांपासून सुरू होत नसे, मागच्या अंगणातील शौचालयांपासून सुरू होत असे. "वर्गाची परीक्षा फळ्यावर होते, शाळेची परीक्षा तिथे," असे ते म्हणत. त्यांच्या स्मरणाला हा विषय अशोभनीय वाटेल, असे मला वाटत नाही.

आरंभ एका डागापासूनच करतो. हा डाग मात्र संडासातला नव्हता. १८७२ साली मुंबईत व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा उभा राहिला. मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराने तो घडविला होता आणि तो मुंबईला भेट दिला होता आपल्या खंडेराव महाराज गायकवाडांनी. १८९६ साली दामोदर हरी चापेकर आणि त्यांच्या बंधूंनी रात्रीच्या अंधारात त्या पुतळ्याला डांबर फासले आणि गळ्यात जोड्यांची माळ अडकविली. पुढे २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडणारे ते हेच बंधू. माळ काढणे सोपे होते. डांबर मात्र निघेना. संगमरवराच्या बारीक रंध्रांत ते मुरले होते. अनेकांनी हात टेकल्यावर तो डाग ज्यांनी घालविला, ते होते प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन स्थापन केले, त्याचे आद्य प्राचार्य हेच गज्जर. नंतर ते मुंबईस विल्सन कॉलेजात अध्यापन करीत होते. या एका कामगिरीने एतद्देशीय रसायनशास्त्रज्ञाचे नाव सर्वतोमुखी झाले.

योगायोग पाहा. पुतळा बडोदेकरांच्या देणगीतून झालेला, डाग मराठी तरुणांनी लावलेला आणि तो काढणारा कलाभवनाचा माणूस. चापेकरांच्या दृष्टीने डांबर हा डाग नव्हताच, पुतळा हाच डाग होता. कशाला डाग म्हणायचे हे पाहणाराच ठरवितो, एवढे आपण येथे ध्यानात ठेवू.

रसायनशास्त्राच्या शिक्षकाला या हकिकतीत आणखी एक गोष्ट दिसते. डांबर हे कर्बयुक्त द्रव्य. त्यावर आम्लाचा परिणाम होत नाही. उलट संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाचा थेंब पडताच तो फसफसून विरघळतो. त्या पुतळ्यावर कोणी तेजाब ओतले असते, तर डांबर जागच्या जागी राहिले असते आणि राणीचे नाक गेले असते. डाग काढण्याचे पहिले सूत्र हेच : डाग कशाचा आहे आणि तो कशावर बसला आहे, ही दोन उत्तरे मिळाल्याखेरीज बाटलीचे झाकण उघडू नये.

आता हेच सूत्र घरातल्या भांड्याला लावू. शौचकूपाच्या भांड्यात पाण्याच्या पातळीपाशी जो पांढुरका, पिवळसर, पुढे तपकिरी होत जाणारा थर बसतो, तो बहुतांशी मळ नसतोच. ती खनिजे असतात. जमिनीतून उपसलेल्या दुष्फेन पाण्यात कॅल्शियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी आटले, त्यातील कर्बवायू उडाला की ते कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने पृष्ठभागावर बसते. एका लिटर पाण्यात असे पाचशे मिलिग्रॅम क्षार असतील, तर दहा लिटरच्या एका बादलीत पाच ग्रॅम झाले. त्यातले जवळजवळ सगळे वाहून जाते. पण जो कण वाळून चिकटतो, त्यावर उद्याचा कण बसतो. त्यात मूत्रातील युरियाची भर पडते. जंतू युरियापासून अमोनिया तयार करतात, पाणी अल्कधर्मी होते आणि कॅल्शियम व मॅग्नेशियमचे फॉस्फेट खाली बसतात. पाण्यात लोह असेल तर गंजाचा तांबडा रंग चढतो. या खडबडीत थरावर मग मळ आणि जंतू घर करतात. साबणाने आणि घासणीने तो हलत नाही, कारण तो दगड आहे. मुंबईच्या पुतळ्यात जे मूर्तीचे द्रव्य होते, तेच येथे डागाचे द्रव्य आहे. आणि खाली, मूर्तीच्या जागी, चिनी मातीच्या भांड्याची काचेसारखी झिलई आहे, जिला हे आम्ल काही करीत नाही. म्हणूनच तेजाब येथे चालते आणि तेथे चालले नसते.

आपल्या आज्यांना हे सूत्र नावानिशी ठाऊक नव्हते, पण हाताला ठाऊक होते. तांब्यापितळेची भांडी त्या चिंचेने घासत, कारण चिंचेतील आम्ल धातूवरचा काळा थर विरघळविते. चिंचेतले टार्टारिक आम्ल आणि लिंबातले सायट्रिक आम्ल शुद्ध स्वरूपात वेगळे काढले ते कार्ल शेले या स्वीडनमधील औषधविक्रेत्याने. पहिले १७६९ साली आणि दुसरे १७८४ साली. पण चिंच सौम्य. दगडाचा थर भराभर विरघळवायला खनिज आम्ल लागते आणि त्याची कथा मिठापासून सुरू होते.

सतराव्या शतकाच्या मध्यास योहान ग्लाउबर या जर्मन रसायनज्ञाने साध्या मिठावर गंधकाम्ल ओतून एक धुरकट, नाकाला झोंबणारे आम्ल मिळविले. मिठापासून निघालेले म्हणून युरोपात त्याला मिठाचे सत्त्व म्हणत. आपल्याकडे लवणाम्ल हा शब्द त्याच अर्थाने रूढ झाला. १७७२ साली जोसेफ प्रीस्टली याने त्याचा वायू पाऱ्यावर गोळा करून दाखविला. प्रत्येक आम्लात प्राणवायू असलाच पाहिजे, असे लाव्हाझिए मानीत असे. १८१० साली हंफ्री डेव्हीने या आम्लात प्राणवायूचा लवलेशही नाही, ते केवळ हायड्रोजन आणि क्लोरीन यांचे आहे, असे सिद्ध केले. तेव्हापासून ते हायड्रोक्लोरिक आम्ल झाले.

पण हे आम्ल जगात मुबलक झाले ते कोणाला हवे होते म्हणून नव्हे. ते कोणालाच नको होते. काच आणि साबण यांसाठी सोडा लागे. फ्रान्समध्ये निकोलस लब्लाँ याने १७९१ साली मिठापासून सोडा करण्याच्या कृतीचे एकस्व मिळविले. या कृतीची पहिली पायरी म्हणजे ग्लाउबरचीच कृती : मीठ आणि गंधकाम्ल. त्यातून निघणारा आम्लाचा वायू धुराड्यातून सरळ आकाशात सोडून देत. इंग्लंडमध्ये मिठावरील कर उठल्यावर १८२३ पासून लिव्हरपूलच्या बाजूला जेम्स मस्प्रॅट याने ही कृती मोठ्या प्रमाणावर चालविली. कारखान्यांच्या आसपास झाडे करपली, कुंपणे वाळली, शेतकऱ्यांनी खटले भरले. १८३६ साली विल्यम गॉसेज याने एका पडीक पवनचक्कीत काटक्याकुटक्या भरल्या, वरून पाणी सोडले आणि खालून तो वायू चढविला. वायू पाण्यात विरघळून खाली आम्ल होऊन आला. उपाय साधा होता, परंतु सक्ती नसल्याने बहुतेकांनी तो केला नाही. अखेर १८६३ साली पार्लमेंटने अल्कली कायदा केला आणि निदान पंच्याण्णव टक्के आम्लवायू अडविलाच पाहिजे, असे बंधन घातले. त्याच्या अंमलबजावणीसाठी नेमलेले पहिले निरीक्षक रॉबर्ट अँगस स्मिथ. आम्लवर्षा हा शब्दप्रयोग रूढ करणारे तेच. हवेच्या प्रदूषणाला आकड्यांची मर्यादा घालणाऱ्या आरंभीच्या कायद्यांपैकी हा एक.

वायू आकाशात जायचा थांबला, पण आम्ल पाण्यात आले आणि कित्येक ठिकाणी ते नदीनाल्यांत सोडले गेले. पुढे वेल्डन आणि डीकन यांनी त्या आम्लापासून क्लोरीन काढण्याच्या कृती बसविल्या. क्लोरीन चुन्यावर सोडून ब्लीचिंग पावडर होऊ लागली आणि काल नकोसे असलेले आम्ल विकाऊ झाले. या प्रकरणाचे मला नेहमी वाटते ते हे, की त्रास नाहीसा होण्यापूर्वी तो अनेकदा फक्त जागा बदलतो : शेतावरून नदीत, नदीतून बाटलीत. बाटलीतून तो पुढे कोठे जातो, तिकडे मी येणारच आहे.

दरम्यान भांडे तयार होत होते. मैला पाण्याने वाहून नेण्याची कल्पना नवी नाही. मोहेंजोदडोच्या घरांत विटांची न्हाणीघरे व मोऱ्या होत्या आणि आपल्या गुजरातेत लोथल येथे १९५५ पासून एस. आर. राव यांनी केलेल्या उत्खननात विटांची गटारे उघडी झाली. आधुनिक भांड्याला मात्र वास अडविणारी बाकदार नळी हवी होती. तिचे एकस्व लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली घेतले. त्या बाकात थोडे पाणी सदैव साठून राहते आणि गटारातील वायू घरात येत नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने पार्लमेंटलाही बसणे अशक्य झाले, तेव्हा जोसेफ बॅझलजेट यांच्या देखरेखीखाली लंडनची भुयारी गटारे बांधली गेली. १८८० च्या दशकात टॉमस ट्वायफर्ड याने एकसंध चिनी मातीची भांडी बाजारात आणली. पांढरे, झिलईदार भांडे आले आणि त्याबरोबर डागही दिसू लागला. मातीच्या खड्ड्यावर कोणाला डाग दिसणार? बाकात साठलेले पाणी वास अडविते हे खरे. तेच पाणी क्षाराचा थरही बसविते.

अशा भांड्यांसाठी वेगळे द्रव्य विकण्याचा धंदा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फोफावला. आरंभी ती पावडर असे. तिच्यात सोडियम बायसल्फेट हे आम्लधर्मी मीठ असे. इंग्लंडमधील हॅरी पिकप यांच्या नावातील अक्षरे जोडून 'हार्पिक' हे नाव झाले, ते आज आपल्या घराघरांत आहे. १९८० साली स्वित्झर्लंडमधील वॉल्टर ड्युरिंग यांनी बदकाच्या मानेसारख्या वाकड्या तोंडाची बाटली केली, त्यामुळे भांड्याच्या कडेखाली औषध पोहोचू लागले. आपल्याकडील अशा दाट द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल साधारण दहा टक्के असते. दाटपणामुळे ते उतारावर टिकून राहते आणि त्याला काम करायला अवधी मिळतो. हातगाडीवर किंवा भांड्यांच्या दुकानात 'ॲसिड' म्हणून सुटे मिळे, ते बहुधा कारखान्यातील आम्लच पाणी घालून वा न घालता भरलेले असे. कारखान्यातून निघते ते तीस ते तेहतीस टक्क्यांचे. बाटलीवर नाव नाही, प्रमाण नाही, सूचना नाही.

ते आम्ल येते कोठून, याचे उत्तर फार लांब नाही. बडोद्यात १९०७ साली गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी अलेम्बिकची स्थापना केली, तेव्हापासून रसायनधंदा या शहराच्या अंगवळणी पडला. काठियावाडाच्या टोकाला असलेले ओखामंडळ हे बडोदे संस्थानचेच. तेथे मिठापूर येथे १९३९ साली टाटा केमिकल्सचा उद्योग उभा राहिला, तो मिठापासून सोडा करण्यासाठीच. पण लब्लाँच्या नव्हे, सॉल्वेच्या पद्धतीने, जिच्यात आम्लाचा धूर निघत नाही. १९७३ साली गुजरात अल्कलीज ही कंपनी स्थापन झाली आणि बडोद्याच्या वेशीवर मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक सोडा होऊ लागला. या कृतीत क्लोरीन आणि हायड्रोजन दोन्ही निघतात. ते एकत्र जाळून पाण्यात सोडले की हायड्रोक्लोरिक आम्ल. ग्लाउबरने काचेच्या भांड्यात थेंबाथेंबाने मिळविलेले द्रव्य येथे टँकरने भरले जाते.

येथवर डाग झाला, तेजाब झाले. आता हात.

आपल्या जुन्या वाड्यांच्या मागे टोपलीचे संडास असत. मराठी घरांत शेतखाना म्हणत, गुजराती शेजारी जाजरू म्हणत. मागच्या बोळातून एक माणूस येई, टोपली ओढून घेई आणि डोक्यावरून नेई. त्या माणसाचा चेहरा घरातील बहुतेकांनी पाहिलेला नसे. तशी सोयच त्या रचनेत होती. हे काम जन्माने ठरलेल्या जातींच्या माथी मारलेले होते. ज्या बडोदे संस्थानने शिष्यवृत्ती देऊन डॉ. आंबेडकरांना परदेशी शिकविले, त्याच संस्थानच्या राजधानीत १९१७ साली त्यांना राहावयास जागा मिळू शकली नाही, हेही आपणा बडोदेकरांना विसरता येण्याजोगे नाही.

या प्रश्नाला भिडणारे मराठी नाव म्हणजे अप्पासाहेब पटवर्धन, ज्यांना कोकणचे गांधी म्हणत. रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम करण्याचा हक्क मागितला. सरकारने नाकारल्यावर त्यांनी अन्नाचा त्याग आरंभिला आणि त्यांना पाठिंबा म्हणून डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात गांधीजींनीही उपवास धरला. पुढे कणकवलीजवळ गोपुरीत अप्पासाहेबांनी मैल्याचे खत होईल आणि कोणाला तो हाताळावा लागणार नाही, अशा संडासाचे प्रयोग केले. १९४९ साली मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करण्यासाठी बर्वे समिती नेमली. त्याच वर्षी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर केंद्राने मलकानी समिती नेमली. कोरडे संडास आणि हाताने मैला उचलणे यांना बंदी घालणारा कायदा व्हायला १९९३ साल उजाडले आणि तो अपुरा ठरल्यामुळे २०१३ साली दुसरा करावा लागला. गटारात उतरून मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, याचा अर्थ मरण थांबले नव्हते.

टोपली गेली, भांडे आले, तेव्हा आपल्याला वाटले की प्रश्न सुटला. पण भांडे घासायला जो आला, तो बहुधा त्याच वस्तीतून आला. त्याच्या हातात आता टोपलीऐवजी तेजाबाची बाटली होती.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. १९८१ च्या पावसाळ्यातली गोष्ट आहे आणि दोष माझा आहे. आपल्या शाळेत सफाईसाठी एक बाई येत. आम्ही सर्व त्यांना नुसते 'बेन' म्हणत असू. नाव कोणी विचारले नव्हते, मीही नाही. बाजारातील तेजाब पातळ असते, डाग निघत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. मी मोठ्या उदारपणे प्रयोगशाळेतील आम्लाची बरणी त्यांना देऊ लागलो. "सांभाळून वापरा," एवढेच सांगितले. ते सांगणे म्हणजे न सांगण्यासारखेच.

पाण्याच्या टाकीसाठी आणलेली ब्लीचिंग पावडर त्या दिवशी उरली होती. दोन्हींनी अधिक स्वच्छ होईल, असा सरळ विचार त्यांनी केला. आधी भांड्यात पावडर टाकली, वर माझे तेजाब ओतले. दार वाऱ्याने बंद होऊ नये म्हणून नव्हे, तर मुलांना वास जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच लावून घेतले होते. शिपायाने खोकल्याचा आवाज ऐकला आणि दार ढकलले. हिरवट पिवळा धूर बाहेर आला. आठ दिवस त्या इस्पितळात होत्या. जीव वाचला, खोकला मात्र कायमचा राहिला.

तो क्लोरीन होता. ब्लीचिंग पावडरीवर आम्ल टाकले की क्लोरीन निघतो. हेच समीकरण मी दरवर्षी दहावीच्या वर्गात फळ्यावर लिहीत असे आणि २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे जर्मनांनी हाच वायू शत्रूच्या खंदकांवर कसा सोडला, तेही रंगवून सांगत असे. वर्गातील चाळीस मुलांना ते समीकरण पाठ होते. त्यांच्यापैकी कोणालाच कधी त्याची गरज पडणार नव्हती. जिला पडणार होती, ती वर्गाच्या भिंतीपलीकडे, वीस पावलांवर काम करीत होती.

मी भेटायला गेलो तेव्हा त्या खाटेवर उठून बसल्या. मी कारण समजावून सांगितले, बहुधा स्वतःचीच सुटका व्हावी म्हणून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "साहेब, तमने आ खबर हती?" साहेब, हे तुम्हांला ठाऊक होते? आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी 'हो' म्हणालो. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

मुख्याध्यापकांनीही मला एक शब्द सुनावला नाही. त्यांनी आम्लाच्या कपाटाची किल्ली मागून घेतली आणि पुढच्या शनिवारी शिपाई व सफाई कामगार यांचा वर्ग प्रयोगशाळेत भरविण्यास सांगितले. "फी भरणाऱ्यालाच धडा द्यायचा, असे आपल्या घटनेत कोठे लिहिलेले नाही," एवढेच ते म्हणाले. बेन बऱ्या होऊन आल्या, तेव्हा पहिल्या बाकावर बसल्या. मी बाटल्यांवर मराठी आणि गुजराती चिठ्ठ्या डकविल्या होत्या. त्या म्हणाल्या, आम्हांला वाचता येत नाही. तेजाबाला तांबडी चिंधी बांधा, पावडरीला पांढरी, आणि दोन्ही वेगळ्या खोल्यांत ठेवा. माझ्या सगळ्या चिठ्ठ्यांपेक्षा ही सूचना मोलाची ठरली. पुढे बरीच वर्षे आपल्या शाळेत त्या चिंध्या होत्या. आणि त्या दिवशी हजेरी घेताना मी त्यांचे नाव विचारून लिहिले. त्यांच्या कुटुंबीयांची अनुमती घेतलेली नसल्यामुळे ते येथे उच्चारीत नाही.

त्या वर्गात जे शिकविले, ते थोडक्यात सांगतो, कारण घरोघरी त्याचा उपयोग आहे. प्रथम भांड्यातील पाणी ब्रशने नळीत लोटावे, म्हणजे औषध पातळ होत नाही. खिडकी उघडी असावी, हातांत रबरी मोजे असावेत आणि तोंड भांड्यावर झुकलेले नसावे. औषध कडेखालून फिरवून सोडावे आणि पंधरावीस मिनिटे थांबावे. घासण्याचे काम हाताने नव्हे, वेळाने करून घ्यावे. नंतर ब्रश फिरवून भरपूर पाणी सोडावे. थर जाड असेल तर एकदम कडक तेजाब न वापरता सौम्य औषध दोनतीनदा वापरावे. तारेच्या घासणीने झिलईवर चरे पडतात आणि त्या चऱ्यांत पुढचा डाग लवकर बसतो. आम्ल पातळ करायचे असेल तर पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी कधीही नाही. संगमरवर, मोझेक, कोटा यांच्या फरशीवर आणि सिमेंटच्या सांध्यांवर ते सांडू देऊ नये. ती फरशी म्हणजे तो मुंबईचा पुतळाच समजा. रोजच्या हलक्या डागाला लिंबूसत्त्वाचे द्रावण रात्रभर ठेवले तरी पुरते. आणि ब्लीचिंग पावडर किंवा कपड्यांचे ब्लीच यांची आम्लाशी गाठ कधीही, थोडीसुद्धा, घालू नये. ब्लीच रंग घालविते, दगड विरघळवीत नाही. आम्ल दगड विरघळविते. एकत्र केल्याने दोघांचेही काम बिघडते आणि माणूस गुदमरतो.

या तेजाबाचा आणखी एक काळा अध्याय आहे. डाग काढण्यासाठी म्हणून दहावीस रुपयांना मिळणारी बाटली स्त्रियांच्या चेहऱ्यांवर फेकली गेली. अशाच हल्ल्यातून वाचलेल्या एका तरुणीने २००६ साली केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी आदेश दिला : विक्रेत्याने नोंदवही ठेवावी, ग्राहकाचे ओळखपत्र पाहावे, खरेदीचे कारण लिहावे आणि अठरा वर्षांखालील कोणालाही तेजाब विकू नये. हा आदेश पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहिला आहे. आपल्या घरी हातगाडीवरची बिनचिठ्ठीची बाटली येते का, एवढे प्रत्येकाने आज घरी गेल्यावर पाहिले तरी या व्याख्यानाचे सार्थक होईल.

मित्रहो, १८६३ च्या कायद्याने शेतकऱ्याचे शेत वाचविले, कारण शेतकरी न्यायालयात जाऊ शकत होता. बोळातून येणारा माणूस न्यायालयात जाऊ शकत नव्हता, म्हणून त्याच्या कायद्याला आणखी एकशे तीस वर्षे लागली. इतिहासातील हे अंतर शाळेने कमी करायचे असते. ज्ञान आपल्याजवळ असते. ते वीस पावले चालून जात नाही, एवढीच अडचण असते.

संचालक मंडळाला माझी एक विनंती आहे. या व्याख्यानमालेच्या निधीतून दरवर्षी थोडी रक्कम सफाई करणाऱ्यांच्या मोज्यांसाठी, योग्य औषधांसाठी आणि त्यांच्या एका वर्गासाठी बाजूला काढावी. तो वर्ग प्रयोगशाळेत भरवावा आणि रसायनशास्त्राच्या शिक्षकाने तो घ्यावा. हजेरी नावाने घ्यावी.